आतल्या खोलीची किल्ली

१

सर्वेअर बाईंनी कापडावर ब्लेड मारलं, आतला कागद फाडला, गुंडाळी पायानं ढकलत उलगडली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हाच का तो गालिचा?"

हा तो नव्हता. आमच्याकडे ठेवायला दिलेला गालिचा जुना होता. हातानं विणलेला, गडद डाळिंबी, कुणा शौकिनाच्या तीन पिढ्यांनी जपलेला. आज तो जहाजानं परदेशी जायचा होता. समोर पसरलेला होता यंत्रावरचा, निळसर राखाडी, फिक्या फुलांचा. असले गालिचे लोक सोफ्यासमोर टाकतात आणि त्यावर चहा सांडला तरी फार मनाला लावून घेत नाहीत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही गुंडाळी आतल्या खोलीतून आली होती आणि त्या खोलीची एकुलती एक किल्ली माझ्या गळ्यात होती.

आमचं गोदाम गालिच्यांचं आहे. लोकांचे गालिचे येतात, आम्ही ते धुतो, वाळवतो, गुंडाळतो, सांभाळतो आणि सांगतील तिथे पाठवतो. गोदामाचे मालक माझे सासरे. घरात त्यांना मी बाबा म्हणतो, गोदामात मालक म्हणतो, आणि दोन्हीकडे मान खाली घालून म्हणतो. लग्नानंतर मी बायकोच्या घरी राहायला गेलो. तिच्या आईच्या माघारी घरात वडील एकटे होते, त्यांना सोडून यायला ती तयार नव्हती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हळूहळू कळलं, की घरजावयाला रागवायला स्वतःची अशी एक खोलीसुद्धा नसते.

मालक गालिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पुतण्याला म्हणाले, "शटर खाली घे."

पुतण्यानं शटर ओढलं. मालकांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आत आम्ही सहाजण राहिलो: मालक, त्यांचा पुतण्या, गुंडाळ्यांना कापड शिवणारी मावशी, सर्वेअर बाई, मी आणि माझी बायको. ती बिचारी माझा डबा द्यायला म्हणून आली होती. छताशी असलेल्या झरोक्यांखेरीज हवा यायला जागा नव्हती, आणि लोकरीचा वास लगेच जाणवायला लागला.

"कोणी बाहेर जायचं नाही," मालक म्हणाले. "किल्ली कुणाकडे असते, हे मी सांगायला नको."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनं मात्र पाहिलं नाही. ती अजून गालिच्याकडेच बघत होती.

२

सर्वेअर बाई विमा कंपनीकडून आलेल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, एक गुडघा दुखरा. मौल्यवान माल कंटेनरमध्ये चढण्याआधी त्यांनी कागद बघून सही करायची, अशी आजवरची रीत. आज मात्र त्यांनी माल उघडून दाखवा असा हट्ट धरला होता.

"कंटेनर बंदराकडे निघेपर्यंत मला वेळ आहे," एका रिकाम्या खोक्यावर टेकत त्या म्हणाल्या. "तोवर उलगडा झाला तर ठीक. नाहीतर मला लिहावं लागेल, की चोरी झाली आणि संशयित एकच आहे. मग पोलीस येतील. शटर तेव्हाच उघडा."

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. मालक जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय केलंस ते कबूल कर. घरातलं घरात मिटवू. मी गिऱ्हाइकाचे पाय धरीन. तू थोडे दिवस बाहेरगावी राहा. चिऊला मी समजावतो."

चिऊ म्हणजे माझी बायको. मी म्हणालो, "मी काही केलंच नाही, तर कबूल काय करू?"

"मग कुणी केलं?" ते म्हणाले आणि निघून गेले.

या माणसानं माझ्या जाण्याची सगळी तयारी मनातल्या मनात करून टाकली होती. नाही म्हटलं तर तुरुंग, हो म्हटलं तर बायको जाणार. दोन्ही बाजूंनी शटरच.

सर्वेअर बाईंनी मला समोर बसवलं. "किल्ली तुमच्याकडे कधीपासून?"

"हिवाळा सरला तेव्हापासून. एका शनिवारी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आजपासून आतली खोली जावईबापूंकडे. त्याआधी त्यांच्याकडेच असायची."

"खूश झालात?"

"हरभऱ्याच्या झाडावर चढलो," मी खरं ते सांगितलं. "या घरात मला मिळालेली ती पहिलीच वस्तू."

"आणि हा गालिचा तेव्हा खोलीत होता?"

"ही गुंडाळी होती. पांढऱ्या कापडात शिवलेली."

"उघडून पाहिलीत?"

"आमच्याकडे शिवलेली गुंडाळी कुणी उघडत नाही. नुसती फिरवतो."

मग मला फिरवण्याचं सांगावं लागलं. मोठ्या गुंडाळ्या आम्ही जमिनीवर ठेवत नाही, उभ्याही करत नाही. मधून पाइप घालून भिंतीतल्या आकड्यांवर टांगतो. तरी वजन एकाच बाजूला लोंबत राहिलं तर गालिचा चपटतो. म्हणून दर शनिवारी गुंडाळी हातानं थोडी फिरवायची. कुठली बाजू वर होती याचा घोळ होऊ नये म्हणून मी प्रत्येक वेळी वरच्या अंगाला लाल खडूची आडवी रेघ मारतो. गोदामात सगळे मला रेघोटी मास्तर म्हणतात. पहिल्या रेघेला फुली असते, म्हणजे चक्कर पूर्ण झाली की कळतं.

"पहिली फुली कधी मारलीत?"

"किल्ली मिळाली त्याच दिवशी. मालकांच्या समोर. मोठ्या ऐटीत."

पुतण्या बुटांसकट गालिच्याच्या मधोमध उभा होता. तो हसला. "रेघा मारून चोर थोडाच सुटतो, भाऊजी."

मी ओठांवरून जीभ फिरवली. ते बायकोला दिसलं असावं. तिनं पाण्याची बाटली घेतली, काठाशी चपला काढल्या आणि गालिच्यावरून चालत माझ्यापर्यंत आली. बाटली हातात देताना तिची बोटं गार होती. मला तिच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, माझ्या नवऱ्यानं हे केलं नाही, एवढंच. ती वळून परत गेली.

३

पुतण्याची पाळी आली तेव्हा त्यानं खुर्ची उलटी फिरवून बैठक मारली. दोन वर्षांपूर्वी तो परगावाहून धंद्यात आला. ट्रक तोच चालवतो. किल्ली आपल्यालाच मिळणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"राग आला होता?" बाईंनी विचारलं.

"येणारच. रक्ताचा मी, आणि किल्ली ह्यांना. पण म्हणून चोरी करून ह्यांना अडकवायला डोकं लागतं. तेवढं माझ्याकडे नाही, काकांना विचारा."

"आज गुंडाळी बाहेर तुम्हीच आणलीत ना?"

"मी आणि भाऊजींनी. हलकी लागली. आली तेव्हा खांदा मोडला होता माझा. मला वाटलं, वाळली असेल."

बाईंनी मान वर केली. "वाळली? ओली होती कशानं?"

"आली तशी धुतली की आम्ही. गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, धुऊन मगच पाठवा. दोन दिवस वाळवली आणि काकांनी प्रवासासाठी बांधून टाकली. प्लास्टिकमध्ये, चिकटपट्टी लावून, एकदम टाइट. आठवड्यात जहाज होतं. पण बंदरावर संप सुरू झाला आणि माल लटकला. आज जातोय, उद्या जातोय करता करता सगळा हिवाळा गेला."

"तोवर प्लास्टिकमध्येच?"

पुतण्यानं खांदे उडवले. "आतल्या खोलीत होती. काकांची किल्ली, काकांचा माल. मी कशाला बघू?"

बाईंनी मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तारीख रोज बदलत होती. नंतर मी प्लास्टिक काढलं आणि कापडात शिवून घेतलं. विचारा मावशीला."

मावशी पदराशी चाळा करत उभी होती. मालकांच्या वडिलांच्या काळापासून ती इथे काम करते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. गोदामात कधी काही हरवलं तर पहिला संशय आपल्यावर येणार, या भीतीनं तिची पाचावर धारण बसली होती.

"बाई, मी फक्त कापड शिवते."

"हे कापड कधी शिवलं?"

"जावईबापूंना किल्ली दिली ना, त्याच्या आदल्या दिवशी. मालक म्हणाले, आजच्या आज शिवून दे."

"शिवताना आतला गालिचा पाहिलात?"

"नाही हो. मालकांनी गुंडाळून, वर कागद लावून तयारच ठेवला होता. म्हटलं, आज स्वतःच सगळं केलं, बरं आहे."

"एरवी कागद कोण लावतं?"

मावशी घुटमळली. "मीच लावते," ती म्हणाली आणि लगेच मालकांकडे बघून म्हणाली, "पण ते लावतात कधीकधी."

"तुमचं कापड सैल असतं का? म्हणजे टोकाकडून गुंडाळी ओढून काढता येईल असं?"

भीती विसरून मावशीला राग आला. "माझं कापड अंगासरशी असतं. बोट शिरत नाही. उसवल्याशिवाय आतलं बाहेर येणार नाही, कुणाची पण छाती नाही."

झरोक्यातलं ऊन सरकलं होतं. बाहेर ट्रकचं इंजिन सुरू करून बघतात तसा कुठेतरी आवाज झाला. पुतण्या उठून शटरपाशी गेला आणि परत आला. मला एकदम वाटलं, की आता श्वास पुरायचा नाही. मी गळ्यातली दोरी सैल केली. तेवढ्यात सर्वेअर बाई गुडघा धरत उठल्या आणि त्या परक्या गालिच्यावर वाकल्या.

"ही घडी कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

४

आम्ही सगळे वाकलो. गालिच्यावर आडव्याउभ्या रेषा होत्या. चादरीची चौघडी घालून वर्षानुवर्षं कपाटात ठेवावी तशा. गुंडाळल्यामुळे त्या थोड्या बसल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या.

"आमच्याकडे घडी घालत नाहीत," पुतण्या म्हणाला. "इथे कुणी गालिच्याची घडी घातली तर काका त्याची घडी घालतील."

"दुकानवाले घालतात," मालक म्हणाले. "चोरानं दुकानातून आणला असणार."

"दुकानातला नवा असता. ह्याचा मधला भाग झिजलाय. हा कुणाच्या तरी घरात पुष्कळ दिवस पसरलेला होता, आणि मग कुणीतरी घरच्या बाईमाणसानं नीट घडी घालून ठेवून दिला." बाई बोलता बोलता कापडाकडे वळल्या. ते बाजूला लोळागोळा होऊन पडलं होतं. "जावईबापू, इकडे या. तुमची फुली दाखवा."

मी कापड चाचपलं. बाईंनी ब्लेड शिवणीपासून दूर मारलं होतं, त्यामुळे शिवण टोकापासून टोकापर्यंत शाबूत होती. आणि फुली शिवणीवरच होती. किल्ली मिळाली त्या दिवशी शिवण वरच्या बाजूला आली होती हे मी पार विसरलो होतो.

बाईंनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं. "काय दिसतं?"

"खडू आहे. दोऱ्यावर."

"आता एक टाका उचला. सुईनं, हळूच. दोऱ्याखाली?"

दोऱ्याखाली कापड कोरं पांढरं होतं.

"मावशी, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "ही शिवण कुणी नंतर उसवली असती, गालिचा बदलला असता आणि पुन्हा शिवली असती, तर हा खडू कुठे असता?"

"कापडावर आधीच खडू, त्यावर नवा दोरा," मावशी सावकाश म्हणाली. "दोऱ्याखाली आला असता की."

"आणि तसं नाही. म्हणजे फुली मारल्यापासून आज मी ब्लेड लावेपर्यंत ही शिवण कुणीही उसवलेली नाही. सैल कापडातून ओढून काढायची तर सोयच नाही." त्या सरळ उभ्या राहिल्या. "ज्या दिवशी ह्यांच्या गळ्यात किल्ली पडली, त्या दिवशी आत हाच निळा गालिचा होता. आपण सगळे विचारतोय, किल्ली कुणाकडे आहे. विचारायला हवं होतं, की त्याआधी कुणाकडे होती."

पुतण्यानं गालिच्यावरून पाय काढून घेतले.

५

मालक शांत होते. "बाई, तुम्ही खडूच्या भुकटीवर माझी अब्रू काढताय. मी उभा जन्म लोकांना सांगत आलो, की प्लास्टिक प्रवासापुरतं, साठवणीला कापड. मी कागद लावून ठेवला आणि मावशीनं शिवला, त्या मधल्या वेळात माझ्याच नकळत कुणी बदलला असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. "खडू एवढंच सांगतो, की जावयानं केलं नाही. तुम्ही केलं, असं तो सांगत नाही. ते दुसरं कुणीतरी सांगेल."

आणि त्या माझ्या बायकोकडे वळल्या.

"मघाशी तुम्ही नवऱ्याला पाणी दिलंत. आम्ही सगळे ह्या गालिच्यावर बूट-चपला घालून तुडवत होतो. गोदामातली जमीन ती, त्यात एक टाकाऊ गालिचा. तुम्ही मात्र काठाशी चपला काढल्या. आत्ताही बघा, तुमचे पाय काठाच्या बाहेर आहेत. सवय आहे ती. ह्याच गालिच्याच्या काठाशी तुम्ही लहानपणापासून चपला काढत आलात. तुम्ही हा कुठे पाहिलाय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती ओठ मिटून उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. तिच्या गळ्याशी एक शीर उडत होती. हो म्हटलं तर बाप जाणार होता आणि नाही म्हटलं तर नवरा. शटर आम्हा सगळ्यांसाठी बंद होतं, पण तिच्याएवढं कुणीही कोंडलं गेलं नव्हतं. आणि तिची दया यायच्या जागी मला संताप येत होता, कारण तिला एवढा वेळ लागत होता.

"सांगा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

तिनं तोंड उघडलं.

"तिला विचारू नका," मालक म्हणाले. "माझा आहे. माझ्या घरातला. हिची आई गेली, मग मावशीनं घडी घालून माळ्यावर टाकला होता."

"कुठली मावशी?" शिवणारी मावशी दचकून म्हणाली.

"तू नाही गं. हिची सख्खी मावशी." मालक खोक्यावर बसले. एवढा ताठ माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसायला लागला. "पोरीला त्यात ओढू नका. मी दाखवतो."

त्यांनी ऑफिसच्या वरच्या माळ्यावरून एक लांब गुंडाळी काढायला लावली. पुतण्याचा खांदा पुन्हा मोडला. प्लास्टिक तेच होतं, पुन्हा चिकटपट्टी लावून बांधलेलं, आतून पाण्याचे थेंब धरून सुकलेले डाग. चिकटपट्टी कापली आणि असा कुबट वास आला, की मावशीनं नाकाला पदर लावला. मालकांनी गालिच्याची एक कडा धरून उचलली. करकर आवाज झाला आणि हातभर तुकडा त्यांच्या हातात आला. डाळिंबी रंग अजून सुंदर होता. पाठ मात्र काळी पडून कुजली होती.

"वरून कोरडा लागत होता," ते म्हणाले. "जहाज आठवड्यात होतं म्हणून बांधला. मग संप. रोज वाटायचं, आज जाईल, कशाला उघडा. ज्या चुकीसाठी मी माणसं कामावरून काढली, तीच केली. हिवाळा सरल्यावर उघडला तेव्हा हे असं. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवणार होतो? म्हटलं, दुसरा घालून पाठवू. परदेशात उघडतील. वाटेत कुठे बदलला, कुणाला कळणार?"

"आणि हा का ठेवलात? जाळून टाकायचा."

मालकांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी पोर जाळायला सांगितलं. "गालिचा आहे तो," ते म्हणाले.

मी पुढे झालो. "आणि किल्ली? किल्ली मला का दिलीत?"

"तुला द्यायची म्हणूनच दिली. घरचा माणूस म्हणून."

"मग आज इथेच उघडला गेला," सर्वेअर बाई म्हणाल्या, "तेव्हा पहिलं नाव कुणाचं घेतलंत?"

मालकांनी तो तुकडा मांडीवर नीट पसरला आणि त्यावरून हात फिरवत राहिले.

६

शटर वर गेलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आमचा माल न घेताच कंटेनर निघून गेला. सर्वेअर बाईंनी काय लिहायचं ते लिहिलं, मालकांची सही घेतली आणि जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही सुटलात." मी त्यांचे आभार मानले. खरं तर मोकळं वाटायला हवं होतं.

मी गळ्यातली दोरी काढून पुतण्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, पण टोमणा मारला नाही. मालक शटरपाशी उभे होते, कुणीतरी पुढे न्यावं याची वाट बघत. उद्या सकाळी त्यांना गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, आणि सोबत मीच जायचं हे न बोलताच ठरलं होतं.

बायको माझ्याजवळ आली. "मी सांगणारच होते," ती म्हणाली.

"हं."

"तोंड उघडलं होतं मी. तू पाहिलंस."

पाहिलं होतं. त्यातून काय बाहेर पडलं असतं, ते बापानं मधे बोलून कायमचं आत ठेवलं. आता तिलाही ते खात्रीनं माहीत असेल, असं मला वाटत नाही.

घर एकच, म्हणून गाडीही एकच, गोदामाचा ट्रक. पुतण्या चालवायला बसला. शेजारी बायको, मग मालक, मग दाराशी मी. केबिनमध्ये चौघांना जागा नव्हती, त्यामुळे सासऱ्यांचा खांदा माझ्या खांद्यात रुतत होता. त्यांच्या कपड्यांना तो कुबट वास लागला होता. वाटेत ती वडिलांच्या पुढून वाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा विश्वास आहे ना माझ्यावर?"

मालक समोरच्या रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचा श्वास थांबलेला मला खांद्याला कळला.

"आहे," मी म्हणालो. त्या केबिनमध्ये दुसरं काही म्हणण्यापुरती जागाच नव्हती.